लांब उडी व तिहेरी उडी : पंचकार्याची पूर्वतयारी

लांब उडी व तिहेरी उडी या मैदानी स्पर्धांतील प्रत्येक प्रयत्न वैध की बाद हे ठरविणे, वैध उडीचे अंतर मोजणे, त्याची नोंद करणे व त्यावरून क्रम लावणे या कामास पंचकार्य म्हणतात. धावण्याच्या शर्यतीत सर्व स्पर्धक एकाच वेळी धावतात आणि निकाल अंतिम रेषेवर सर्वांसमक्ष लागतो. उड्यांच्या स्पर्धेत मात्र प्रत्येकाचा प्रयत्न स्वतंत्र असतो व त्याचा पुरावा दोनच ठिकाणी उमटतो : उड्डाणाच्या फळीपाशी आणि वाळूत. हा पुरावा मिनिटाभरात पुसला जातो, कारण पुढच्या खेळाडूसाठी वाळू सपाट करावीच लागते. एकदा दाताळे फिरले की चुकीचा निर्णय पुन्हा तपासून पाहता येत नाही. त्यामुळे या स्पर्धांतील न्याय बव्हंशी पहिली उडी होण्यापूर्वी केलेल्या तयारीवर अवलंबून असतो. कॅमेरे व लेसर यंत्रे उपलब्ध असलेल्या जागतिक स्पर्धांपेक्षा शालेय व जिल्हा पातळीवरील मैदानांना हे अधिक लागू पडते.

जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने (स्थापना १९१२, २०१९ पर्यंतचे संक्षिप्त नाव आयएएएफ) केलेले तांत्रिक नियम सर्वत्र प्रमाण मानले जातात. भारतात भारतीय ॲथलेटिक्स महासंघ व त्याच्याशी संलग्न राज्य संघटना त्यांची अंमलबजावणी करतात.

उड्डाणफळी व उड्डाणरेषा : ज्या फळीवरून खेळाडू झेपावतो ती १·२२ मी. लांब, २० सेंमी. रुंद व पांढरी असते. मैदानावर तिला सरसकट ‘बोर्ड’ म्हणतात. ती धावमार्गाच्या पृष्ठभागाशी समतल बसविलेली असते. फळीची वाळूकडील कड म्हणजे उड्डाणरेषा होय. सर्व मोजमापे या रेषेपासून होतात आणि बहुतेक सर्व वादही येथेच उद्‌भवतात. रेषेला लागून पुढे १० सेंमी. रुंदीची दर्शक फळी असते. तीवर प्लॅस्टिसिनचा मऊ थर दिलेला असून बुटाचे टोक रेषेपलीकडे गेल्यास त्याचा ठसा उमटतो. पूर्वी हा थर उताराने भरला जात असे आणि त्यावर ठसा उमटला तरच उडी बाद धरली जाई. नोव्हेंबर २०२१ पासून नियम बदलला. उड्डाणरेषेवर एक उभे प्रतल कल्पून, उड्डाण करणाऱ्या पायाचा वा बुटाचा कोणताही भाग ते प्रतल ओलांडून गेल्यास उडी बाद ठरते. मग तो भाग जमिनीला टेकलेला असो वा नसो. त्यास अनुसरून प्लॅस्टिसिनची मागची बाजूही आता रेषेवर काटकोनात उभी ठेवतात. जुन्या नियमावर शिकलेल्या पंचाने हा बदल केवळ वाचून भागत नाही. त्याची नजर ठशाऐवजी रेषेवर स्थिरावण्यास सराव लागतो. फळीपाशी बसणाऱ्या पंचाने रेषेच्या अगदी सरळ समोर व खाली बसून पाहिले पाहिजे. हातभर मागे वा पुढे बसल्यास डोळ्याला रेषा सरकलेली भासते. बसण्याची ही जागा आधीच निश्चित करून फक्कीने खूण करून ठेवणे श्रेयस्कर.

जागेची तपासणी : ही स्पर्धेच्या आदल्या दिवशी व पुन्हा सकाळी करावयाची असते. धावमार्ग किमान ४० मी. लांब व १·२२ मी. रुंद असावा. धावण्याच्या दिशेने त्याचा उतार हजारास एक व आडवा उतार शंभरास एक यापेक्षा अधिक नसावा. लांब उडीची फळी वाळूच्या हौदाच्या जवळच्या कडेपासून १ ते ३ मी. अंतरावर असते व उड्डाणरेषेपासून हौदाच्या दूरच्या टोकापर्यंत किमान १० मी. अंतर लागते. हौदाची रुंदी २·७५ ते ३ मी. असते. तिहेरी उडीसाठी उड्डाणरेषेपासून हौदाच्या दूरच्या टोकापर्यंत किमान २१ मी. अंतर हवे.

तिहेरी उडीतील फळीचे हौदापासूनचे अंतर हा सर्वांत जास्त विचार करण्याजोगा भाग होय. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ते पुरुषांसाठी किमान १३ मी. व स्त्रियांसाठी किमान ११ मी. असते, इतर स्पर्धांत ते खेळाडूंच्या कुवतीनुसार ठरवावयाचे असते. या उडीत पहिली लंगडी (त्याच पायावर उतरणे), दुसरी झेप (दुसऱ्या पायावर उतरणे) व तिसरी उडी असे तीन टप्पे असून पहिले दोन धावमार्गावरच पडतात. एकूण १२ मी. उडी घेणाऱ्या शाळकरी मुलाचे पहिले दोन टप्पे मिळून ७·८ मी. झाले असे समजू. फळी ९ मी. वर असल्यास तो हौदाच्या १·२ मी. अलीकडून शेवटची झेप घेतो व वाळूत चांगला ३ मी. आत उतरतो. फळी ११ मी. वर ठेवली, तर तो जेमतेम मीटरभर आत पडतो आणि एखादा टप्पा आखूड झाल्यास त्याची टाच हौदाच्या कठड्यावर आदळते. १३ मी. वरून तर तो वाळूपर्यंत पोहोचतच नाही. प्रौढांसाठी बसविलेल्या फळीवरूनच मुलांची स्पर्धा उरकून घेण्याची जी प्रथा काही ठिकाणी दिसते, ती म्हणूनच केवळ गैरसोयीची नव्हे, तर धोक्याची आहे. कोणकोणत्या फळ्या वापरल्या जातील हे स्पर्धेपूर्वी जाहीर करावे व प्रत्येक स्पर्धकाने निवडलेली फळी नोंदपत्रकात त्याच्या नावापुढे लिहावी.

वाळूची तपासणी हे हलके काम समजले जाते, ते तसे नाही. वाळू खणून, उलथून, खडे व काचा वेचून ती ओली करावी आणि तिचा पृष्ठभाग फळीच्या पातळीत आणावा. खेळाडू तिरप्या रेषेत खाली येत असल्याने वाळू जितकी खाली असेल त्याहून अधिक अंतर त्यास फुकट मिळते. दिवस चढेल तशी हौदाच्या मध्यभागी खळगी पडत जाते व शेवटी उडी घेणाऱ्यास त्याचा लाभ होतो. यास्तव पातळी केवळ आरंभी न पाहता प्रत्येक फेरीनंतर पाहावी. उलट कोरड्या वाळूत खेळाडूचे नुकसान होते. पायाच्या खुणेची मागची कड ढासळून फळीच्या दिशेने सरकते व उडी प्रत्यक्षापेक्षा आखूड मोजली जाते.

मराठवाड्यातील परिस्थिती : या अडचणी छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) येथील मैदानांच्या संदर्भात विशेष जाणवतात. हे शहर मराठवाड्यातील क्रीडाशिक्षणाचे प्रमुख केंद्र आहे. गारखेडा भागातील विभागीय क्रीडा संकुल, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९५८) परिसरातील भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आणि खडकेश्वर येथील मराठवाडा शिक्षण प्रसारक मंडळाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय या संस्थांमुळे खेळाडू व भावी पंच यांचा येथे सतत राबता असतो. विभागातील तालुक्यांच्या गावी मात्र स्पर्धा बहुधा मुरमाच्या मैदानांवर होतात. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तीत बसविलेली लाकडी फळी एका हंगामात वर उचलली जाते किंवा एका बाजूस कलते. पावसाळा संपताच भरणाऱ्या शालेय स्पर्धांपूर्वी फळीवर पाणसळ लावून पाहणे येथे अगत्याचे ठरते. वर आलेल्या फळीला पायाचा चवडा अडखळतो. खचलेल्या फळीवर उड्डाणाचा जोर वाया जातो. मुरमाच्या धावमार्गावर फळीच्या अलीकडे व तिहेरी उडीत पहिल्या दोन टप्प्यांच्या जागी खड्डे पडतात. ते भरून, पाणी मारून, चोपून घेतल्याशिवाय स्पर्धा पुढे चालू ठेवू नये. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश से. च्या वर जाते व शिंपडलेली वाळू अर्ध्या तासात पुन्हा भुरभुरीत होते. पाण्याचा पिंप व झारी हौदापाशीच ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय होय. स्पर्धा सकाळी लवकर घेणे हा त्याहून चांगला. हौदाला दोन्ही बाजूंनी धावमार्ग असेल, तर वारा पाठीमागून येईल अशी दिशा त्या दिवशी सकाळी ठरवावी. एकदा स्पर्धा सुरू झाल्यावर मात्र वारा फिरला म्हणून दिशा बदलू नये.

कामाची वाटणी : सर्वसाधारणपणे मुख्य पंच, फळीवरील पंच, वाळूतील खुणेवरचा पंच, मोजपट्टी वाचणारा, नोंदलेखक, वेळ पाहणारा, वातमापक हाताळणारा व वाळू सपाट करणारे मदतनीस एवढी माणसे लागतात. लहान स्पर्धेत हीच कामे चार-पाच जणांत विभागावी लागतात. तथापि फळीवरील पंचाकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये. खेळाडूच्या पायाकडे पाहत असताना ज्याला नावही पुकारावे लागते, त्याच्या नजरेतून नेमकी निर्णायक उडी सुटते. शालेय स्पर्धांत पंच हे बहुतांशी शारीरिक शिक्षणाचे शिक्षक असतात व त्यांचेच विद्यार्थी स्पर्धेत असतात. अशा शिक्षकाला त्या गटात फळीपाशी किंवा मोजपट्टीपाशी नेमू नये. त्याच्या सचोटीबद्दल शंका नसली, तरी हरलेल्या मुलाच्या मनात ती उत्पन्न होण्यास वाव ठेवणे योग्य नव्हे.

स्पर्धेपूर्वी सु. एक तास मुख्य पंचाने सर्वांना एकत्र करून एखाद्या मदतनीसास दोन-तीन उड्या घेण्यास लावाव्यात व निशाण, मोजमाप, पुकारा, नोंद, सपाटीकरण हा क्रम प्रत्यक्ष करून पाहावा. साहित्यात लाल, पांढरी व पिवळी निशाणे, पोलादी मोजपट्टी, वाळूत रोवण्याची खूणसळई, दाताळी, फावडे, झाडू, प्लॅस्टिसिनचा रूळ, किमान एक जादा दर्शक फळी, धावमार्ग बंद असल्याचे दाखविणारा शंकू आणि पावसात भिजणार नाही असा नोंदफलक असावा. जादा दर्शक फळीमुळे ठसा उमटलेली फळी लगेच बाजूला काढून दुसरी बसविता येते व वेळ जात नाही.

बाद उडी : उड्डाणरेषा ओलांडणे, फळीच्या टोकाबाहेरून उड्डाण करणे, कोलांटी घेणे, वाळूत उतरताना खुणेपेक्षा फळीच्या जवळ हौदाबाहेर टेकणे आणि हौदातून बाहेर पडताना पहिले पाऊल वाळूतील सर्वांत जवळच्या खुणेपेक्षा फळीच्या बाजूस टाकणे, या कारणांनी उडी बाद होते. शेवटचे कारण नवशिक्या खेळाडूंना ठाऊक नसते व उत्तम उडी मारून उलट दिशेने बाहेर पडल्यामुळे ती गमावल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात. स्पर्धेच्या आरंभी पंचाने हा नियम सर्वांना मोठ्याने सांगावा. तसे करण्यात कोणताही पक्षपात नाही. याच कारणास्तव खेळाडू हौदाबाहेर पडेपर्यंत पांढरे निशाण उचलू नये. फळीच्या अलीकडून उड्डाण करणे किंवा धाव घेताना धावमार्गाच्या पांढऱ्या रेषेबाहेर पाय पडणे हे दोष नाहीत. नियमानुसार बाहेर पडल्यावर खेळाडू वाळूतून परत चालत आला तरी उडी वैध राहते. तिहेरी उडीत मोकळा पाय जमिनीला घासल्यास पूर्वी उडी बाद होई; तो नियम आता नाही, पण जुन्या पंचांच्या सवयीत तो अजून अधूनमधून डोकावतो. या उडीत टप्प्यांचा क्रम पाहण्यासाठी धावमार्गाच्या बाजूस एक स्वतंत्र पंच उभा करणे इष्ट.

निर्णयाविषयी अविश्वास निर्माण झाला की तो दीर्घकाळ टिकतो. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधील तिहेरी उडीत ऑस्ट्रेलियाचा इअन कँबेल व ब्राझीलचा झ्वाऊं कार्लुस द ऑलिव्हेरा यांच्या एकूण बारा प्रयत्नांपैकी नऊ बाद ठरविले गेले. पहिली दोन पदके यजमान देशास मिळाली आणि त्या निर्णयांवरील वाद आजही शमलेला नाही.

मोजमाप : शरीराच्या कोणत्याही भागाने वाळूत केलेल्या, फळीस सर्वांत जवळच्या खुणेपासून उड्डाणरेषेपर्यंत अथवा तिच्या वाढविलेल्या भागापर्यंत काटकोनात अंतर मोजतात. मोजपट्टीचे शून्य वाळूतील खुणेवर धरून वाचन फळीपाशी करतात. सेंटिमीटरचा अपुरा भाग सोडून द्यावयाचा असतो, ६·३४९ मी. ही उडी ६·३४ मी. म्हणूनच नोंदली जाते. पट्टी काटकोनात न धरल्यास अंतर नेहमी वाढतेच. ६ मी. उडीत पट्टीचे फळीकडील टोक अर्धा मीटर बाजूस गेले, तर वाचन सु. २ सेंमी. नी फुगते, आणि अनेक स्पर्धांचा निकाल याहून कमी फरकाने लागतो. ढिली, झोळ पडलेली पट्टीही अंतर वाढवून दाखविते. खूण हाताने वा पट्ट्याच्या टोकानेही पडलेली असू शकते, म्हणून केवळ टाचांच्या खळग्याकडे पाहून सळई रोवू नये.

यंत्रे आली तरी साधी पट्टी हाताशी हवी. १९६८ मध्ये मेक्सिको सिटी येथे बॉब बीमनने ८·९० मी. उडी घेतली, तेव्हा रुळावरून सरकणारे प्रकाशीय मापक तेथपर्यंत पोहोचेना आणि अखेर पोलादी पट्टीने मोजावे लागले. याच्या उलट, यंत्र असले म्हणजे प्रामाणिकपणा आलाच असेही नाही. १९८७ च्या रोम येथील जागतिक स्पर्धेत इटलीच्या जोव्हान्नी एव्हांजेलिस्तीची उडी ८·३८ मी. जाहीर करून त्यास कांस्यपदक देण्यात आले. प्रत्यक्षात ती बरीच आखूड होती व मोजमापात यजमान देशाच्या पंचांनी लबाडी केल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. पदक १९८८ मध्ये अमेरिकेच्या लॅरी मिरिक्सला देण्यात आले. मोजणारा व वाचणारा यांच्याखेरीज तिसऱ्या व्यक्तीने आकडा स्वतः पाहून नोंदलेखकास सांगावा, या साध्या शिस्तीचे महत्त्व त्यावरून ध्यानात येते.

वारा : वातमापक उड्डाणरेषेपासून २० मी. अंतरावर, धावमार्गापासून २ मी. च्या आत व १·२२ मी. उंचीवर ठेवतात. लांब उडीत खेळाडू उड्डाणरेषेपासून ४० मी. वरील व तिहेरी उडीत ३५ मी. वरील खुणेपाशी आल्यापासून ५ सेकंदांचा सरासरी वेग घेतात. धाव आखूड असल्यास ती सुरू होताच मोजणी सुरू करतात. अनुकूल वारा सेकंदास २ मी. पेक्षा अधिक असल्यास उडी विक्रम म्हणून धरली जात नाही. त्या स्पर्धेतील क्रमांकास मात्र बाध येत नाही. हा भेद प्रेक्षकांना व कधीकधी पालकांनाही समजावून सांगावा लागतो. १९९५ मध्ये इटलीतील सेस्त्रिएरे येथे क्यूबाच्या इव्हान पेद्रोसोने ८·९६ मी. उडी घेतली. माइक पॉवेलच्या १९९१ मधील ८·९५ मी. या जागतिक विक्रमापेक्षा ती १ सेंमी. ने अधिक होती. वातमापकाने वेग मर्यादेत दाखविला होता, परंतु त्याच्यापुढे एक माणूस उभा होता असे आढळून आले आणि उडी विक्रम म्हणून मान्य झाली नाही. वातमापकाभोवतीची जागा दोरीने अडवून ठेवणे एवढ्यावर एका विक्रमाचे भवितव्य अवलंबून होते.

वेळ व क्रम : एका प्रयत्नास सामान्यतः एक मिनिट मिळते, १५ सेकंद उरल्यावर पिवळे निशाण उचलतात. घड्याळ सुरू करण्यापूर्वी वाळू, फळी, पट्टी व वातमापक सर्व सज्ज असल्याची मुख्य पंचाने खात्री केली पाहिजे. आठांहून अधिक स्पर्धक असल्यास प्रत्येकास तीन व पहिल्या आठांस आणखी तीन प्रयत्न देतात. खेळाडूला विनाकारण खोळंबून ठेवणे हाही पंचकार्यातील दोषच होय. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा हेन्री रिबेलो तिहेरी उडीच्या अंतिम स्पर्धेत धाव घेण्याच्या बेतात असताना पदकप्रदान समारंभासाठी त्यास थांबविण्यात आले. थंड हवेत ताटकळल्यावर घेतलेल्या उडीत त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला व तो स्पर्धेबाहेर पडला. शाळेच्या मैदानावर पाहुण्यांच्या आगमनासाठी स्पर्धा मध्येच थांबविणाऱ्या संयोजकांनी हा प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

नोंदपत्रक व आक्षेप : प्रत्येक प्रयत्नाची नोंद, मग तो बाद वा सोडून दिलेला असला तरी, त्याच वेळी करावी. सर्वोत्तम उडी समान असल्यास दुसऱ्या क्रमांकाची उडी पाहतात. टोक्यो ऑलिंपिकमध्ये (२०२१) ग्रीसचा मिल्तिआदिस तेंतोग्लू व क्यूबाचा हुआन मिगेल एचेव्हारिया यांची ८·४१ मी. अशी बरोबरी झाली. तेंतोग्लूची दुसरी उडी ८·१५ व एचेव्हारियाची ८·०९ मी. असल्याने सुवर्णपदक तेंतोग्लूस मिळाले. केवळ सर्वोत्तम उडी लिहून ठेवणारे पत्रक अशा वेळी निरुपयोगी ठरते. बाद ठरविलेल्या उडीस खेळाडूने तत्काळ तोंडी आक्षेप घेतल्यास निर्णयाधिकाऱ्यास ती मोजून राखून ठेवण्याचा अधिकार आहे. यासाठी लाल निशाणानंतरही मुख्य पंचाने खूण केल्याखेरीज वाळूला हात लावू नये, अशी सक्त सूचना मदतनिसांना दिलेली असावी.

महाराष्ट्रात शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी होतात. ठराविक स्तरांवरील यशासाठी दहावी व बारावीच्या परीक्षांत वाढीव गुण मिळतात, तर राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. अशा उमेदवारांची प्रमाणपत्रे क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावी लागतात. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून ही पडताळणी अधिक काटेकोर झाली आहे व तीत मूळ नोंदपत्रकाचे मोल वाढले आहे. खाडाखोड झालेले, सही नसलेले किंवा मागाहून स्वच्छ अक्षरात उतरवून काढलेले पत्रक खऱ्या विजेत्यालाही अडचणीत आणू शकते. चुकलेला आकडा खोडरबराने न पुसता एका रेघेने छेदावा व शेजारी दुरुस्त आकडा लिहून आद्याक्षरे करावीत. स्पर्धा संपताच मुख्य पंच, फळीवरील पंच व नोंदलेखक यांनी मैदानावरच सह्या करून पत्रक संयोजकांच्या स्वाधीन करावे आणि त्याची एक प्रत मुख्य पंचाने आपल्याजवळ ठेवावी.